जाहिरातीच्या दुधातले पाणी



गेल्या उन्हाळ्यातली घरचीच गोष्ट आहे. माझ्या पुतण्याची दोन एकर केशर आंब्याची बाग आहे. दरसाल व्यापारी येतो, झाडे नजरेने जोखतो आणि बागेचा ठोक सौदा करून जातो. तोच आंबा शहरात डझनाने विकला जातो तेव्हा मधला पैसा कोणाच्या खिशात पडतो, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. म्हणून पोराने या खेपेला हिय्या केला. बाग व्यापाऱ्याला द्यायची नाही. आंबा घरी अढीत पिकवायचा, पेट्या भरायच्या आणि थेट पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन द्यायच्या. गिऱ्हाईक मिळवायला त्याने इंटरनेटवर जाहिरात दिली. दिवसाला पाचशे रुपयांच्या वर खर्च होऊ द्यायचा नाही, असा बांधही घातला.

या जाहिरातीचा हिशेब निराळा असतो. ती नुसती कोणाला दिसली तर पैसे पडत नाहीत. तिच्यावर कोणी बोट दाबले, की त्या एका दाबण्याचे पैसे आपल्या खात्यातून वळते होतात. त्याला क्लिक म्हणतात. आपण टिचकी म्हणू. पुतण्याला एक टिचकी आठ-नऊ रुपयांना पडत होती.

आठव्या दिवशी सकाळी तो चहाला आला तो हसतमुखाने. "काका, आजचे पाचशे सकाळीच संपले. रात्रीतून अठ्ठावन्न माणसं येऊन गेली!"

"वा! आणि फोन किती आले?"

पोरगा जरा थांबला. "दोन. एकाला लांब नागपूरला पेटी पाहिजे होती. दुसऱ्याचा चुकून लागला होता."

"म्हणजे अठ्ठावन्न माणसं दारात आली, आणि आंब्याचा भाव एकट्यानेच विचारला?"

चहा तसाच ठेवून आम्ही दोघांनी फोनवर हिशेब उघडला. निम्म्याहून अधिक टिचक्या रात्री दोन ते चारच्या दरम्यानच्या. पुष्कळशा पोरासोरांच्या खेळांच्या अ‍ॅपमधून आलेल्या. काही तर अशा दूरच्या राज्यांतल्या, की तिथवर पेटी पोचेपर्यंत आंब्याचा आमरस व्हावा. पहाटे तीनला पुण्यातले कोणते बिऱ्हाड आंबा शोधत बसते? आठ दिवसांत चार हजार रुपये गेले होते आणि जाहिरातीवरून पेट्या खपल्या होत्या अकरा. केशरचा हंगाम तो केवढा? महिना-सव्वा महिन्याचा. पाडाला आलेले फळ आपली जाहिरात सुधारण्याची वाट बघत झाडावर थांबत नाही.

त्या आकड्यांकडे बघता बघता मला आमच्या गावची दूध डेअरी आठवली.

माप आले की लबाडी आली

डेअरी नवी होती तेव्हा दुधाला लिटरवर पैसे मिळत. लिटरवर पैसे म्हटल्यावर, ज्याची विहीर गोठ्याजवळ त्याच्या म्हशी जास्त दूध देऊ लागल्या! मग डेअरीत डिग्री बघायचा लॅक्टोमीटर आला. पाणी घातलेल्या दुधात तो खाली बुडतो आणि डिग्री कमी भरते. तेव्हा काही हुशारांनी पाण्याबरोबर साखर, मीठ, कोणी तर युरियादेखील घालून डिग्री पुन्हा वर आणली. मग फॅट काढून भाव द्यायला सुरुवात झाली. मशिने आली, तपासण्या वाढल्या. पण इतके करूनही भेसळ अजिबात संपली, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

यात दुधाचा दोष नाही आणि लॅक्टोमीटरचाही नाही. ज्या मापावर पैसा मिळतो, ते माप फुगवण्याकडे माणसाचा हात जातो. किलोवर मजुरी असली की कापसावर पाणी शिंपडले जाते. तसेच टिचकीवर पैसा ठेवला, की खोटी टिचकी आलीच. पुतण्याच्या जाहिरातीत जे झाले ते हेच, आणि ते त्याच्या एकट्याच्या बाबतीत झालेले नाही. साऱ्या जगात वीस-पंचवीस वर्षे हा घोळ चालू आहे. शेतमाल थेट विकणारी, गूळ-बेदाणा-लोणची पाठवणारी, रोपवाटिका चालवणारी घरे आता अशा जाहिराती देऊ लागली आहेत. म्हणून ही गोष्ट मुळापासून समजून घेऊ.

योग्य वेळी योग्य दारात

आधी या जाहिरातीची चांगली बाजू सांगतो. कासार संक्रांतीच्या तोंडावर गावात येतो. बियाणे कंपनीची गाडी मृगाच्या आधी फिरते, दिवाळीत फिरत नाही. गरज जिथे आणि जेव्हा असेल, तिथे आणि तेव्हा माल दिसला पाहिजे, हे धंद्यातले जुने शहाणपण आहे. पण एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेली पंपाची जाहिरात सर्वांनाच दिसते. विहीर असलेल्यालाही आणि नसलेल्यालाही. ती वाचून पंप कोणी घेतला, हे दुकानदाराला कधी कळत नाही.

इंटरनेटवर तसे नसते. तुम्ही मोबाइलवर "एकरी ठिबकचा खर्च" असे शोधलेत, की उत्तरांच्या शेजारी ठिबकवाल्याची जाहिरात येते. तुमची गरज तुम्हीच बोलून दाखवलेली असते. अशा माणसापुढे जाहिरात नेऊन ठेवायला विक्रेता खुशीने पैसे मोजतो, आणि पाहणाऱ्यालाही तिचा कंटाळा येत नाही. गावातल्या लहान माणसाला मोठ्या कंपनीच्या शेजारी दोन ओळींची जागा मिळते, हेही थोडे नाही.

ही रीत एका दिवसात आली नाही. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत हॉटवायर्ड नावाच्या इंटरनेट मासिकावर एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची पट्टी झळकली; पहिल्या पट्टीच्या जाहिरातींत तिची गणना होते. अशा जाहिरातींचे पैसे किती वेळा दिसली यावर, हजाराच्या दराने घेतले जात. पुढे १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात बिल ग्रॉस यांच्या गोटू या कंपनीने नवी युक्ती काढली. शोधायच्या शब्दांचा लिलाव करायचा. जो जास्त बोली लावील त्याचे नाव वर, आणि पैसे मात्र टिचकी पडली तरच. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये अ‍ॅडवर्ड्स नावाने जाहिराती घ्यायला सुरुवात केली आणि २००२ मध्ये तीही टिचकीच्या लिलावावर आली. तिने त्यात एक सुधारणा केली. नुसती बोली मोठी म्हणून वरची जागा द्यायची नाही. लोकांना जी जाहिरात उपयोगाची वाटते, म्हणजे जिच्यावर लोक जास्त टिचक्या मारतात, तिचाही मान राखायचा. म्हणून खत शोधणाऱ्यापुढे सोन्याच्या दागिन्यांची जाहिरात सहसा येत नाही.

२००३ मध्ये गूगलने आणखी एक दार उघडले. आपल्याकडच्या जाहिराती तिने दुसऱ्यांच्या वेबसाइटवरही लावायला सुरुवात केली. पानाचा मालक जागा देणार, टिचकी पडली की त्याला वाटा मिळणार. हा वाटा किती, ते कंपनीने २०१० मध्ये जाहीर केले: अशा पानांवरच्या कमाईतले शंभरातले ६८ मालकाला. रीत बरोबरच होती. स्वयंपाकाच्या पाककृती लिहिणाऱ्या एखाद्या गृहिणीला त्यातून घरबसल्या चार पैसे मिळू लागले. पण वाचकहो, पाणी घालणाऱ्याला गोठ्याजवळची विहीर मिळाली ती इथेच.

पाणी घालणारे हात

पहिला हात शेजारच्या दुकानदाराचा. समजा तुमचा दिवसाचा बांध पाचशे रुपयांचा आहे. तुमच्याच धंद्यातल्या कोणी सकाळी तुमच्या जाहिरातीवर साठ वेळा बोट दाबले, की तुमचे पैसे संपतात, दिवसभर तुमची जाहिरात दिसत नाही आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे जाते. त्याला याचा एक पैसाही खर्च नाही.

अमेरिकेत आर्कन्सॉ राज्यातल्या टेक्सारकाना गावच्या लेन्स गिफ्ट्स या भेटवस्तूंच्या दुकानाने २००५ मध्ये खोट्या टिचक्यांच्या पैशांवरून गूगल, याहू अशा बड्या कंपन्यांवर दावा ठोकला. कुठे गावातले दुकान आणि कुठे गूगल! पण तो दावा साऱ्या जाहिरातदारांच्या वतीने चालला आणि २००६ मध्ये गूगलने जास्तीत जास्त ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. दुकानदारांना मिळाले ते रोख नव्हे, तर पुढच्या जाहिरातींत वळते करायची सूट म्हणून. आणि वकिलांची फीदेखील याच रकमेतली. तरी एका लहान दुकानाने विचारले म्हणून हिशेबाची वही उघडली गेली, हे विसरता येत नाही.

दुसरा हात पानाच्या मालकाचा. आपल्याच पानावरच्या जाहिरातींवर आपणच टिचक्या मारायच्या आणि वाटा खायचा. यालाच कुंपणाने शेत खाणे म्हणतात. टेक्सासमधील ऑक्शन्स एक्स्पर्ट इंटरनॅशनल या कंपनीवर गूगलने नोव्हेंबर २००४ मध्ये याच आरोपावरून दावा लावला आणि पुढल्या वर्षी कोर्टाने कंपनीला ७५ हजार डॉलर भरायला लावले.

तिसरा हात भाड्याचा, आणि तो आपल्या देशातला होता हे सांगताना संकोच वाटतो. मे २००४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने बातमी दिली, की आपल्या मोठ्या शहरांतल्या गृहिणी, पदवीधर मुले, नोकरदार माणसेसुद्धा परदेशी जाहिरातींवर टिचक्या मारत बसतात आणि महिन्याला शंभर ते दोनशे डॉलर मिळवतात. जाहिरात वाचायची नाही, माल घ्यायचा नाही, नुसते बोट चालवायचे. त्यांच्यापैकी पुष्कळांना यात काही वावगे आहे असे वाटलेही नसेल. पण त्या प्रत्येक टिचकीचे पैसे कुठल्या तरी गावातल्या दुकानदाराच्या गल्ल्यातून जात होते.

चौथा हात माणसाचा नव्हेच, तो यंत्राचा. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इस्टोनिया देशातल्या एका टोळीचा छडा लावला. या टोळीने शंभरावर देशांतल्या सुमारे ४० लाख संगणकांत रोग घातला होता. तुम्ही एका ठिकाणी जायला निघावे आणि वाटाड्याने दुसरीकडेच नेऊन सोडावे, तसे ते संगणक मालकाच्या नकळत टोळीच्या जाहिरातींकडे वळत. त्यातून टोळीने निदान १ कोटी ४० लाख डॉलर कमावले, असे सरकारी वकिलांनी सांगितले.

त्यापुढची मजल अलेक्सांद्र झुकोव्ह या रशियन माणसाची. मेथबॉट नावाने ओळखल्या गेलेल्या त्याच्या कारखान्यात २०१४ ते २०१६ या काळात १,९०० हून अधिक संगणक भाड्याने लावलेले होते. ते पाच हजारांवर खऱ्या वेबसाइटींची खोटी पाने उभी करीत, आणि त्या पानांवरच्या जाहिराती पाहणारी माणसेही खोटीच, यंत्राने रचलेली! ही यंत्रे माणसासारखा बाण हलवीत, पान वर-खाली सरकवीत, चित्रफीत मध्येच थांबवीत. फेसबुकवर नाव असलेली माणसे आहोत असे सोंगही आणीत. डिग्री वर यावी म्हणून दुधात युरिया घालणाऱ्याचे हे थोरले भाऊ! जाहिरातदारांचे ७० लाखांहून अधिक डॉलर यात गेले. झुकोव्ह बल्गेरियात पकडला गेला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली.

हे सारे परदेशातले, आपल्याला त्याचे काय, असे म्हणू नका. मे २०१७ मध्ये चेक पॉइंट या संगणक-सुरक्षा कंपनीने दाखवून दिले, की एका कोरियन कंपनीची ४१ अ‍ॅप, बहुतेक स्वयंपाकाचे आणि बाहुली नटवण्याचे लहान मुलींचे खेळ, फोनमध्ये गुपचूप जाहिरातींवर टिचक्या मारीत होती. त्यांना 'जुडी' असे नाव पडले. गूगलच्या अधिकृत दुकानातूनच ही अ‍ॅप लोकांनी घेतली होती; नंतर ती काढून टाकण्यात आली. अशा अ‍ॅपने फोन तापतो, बॅटरी उतरते, डेटा संपतो, आणि आपल्या खिशातला फोन आपल्या नकळत दुसऱ्याच्या दुधात पाणी घालीत राहतो.

डिग्री कोण पाहणार?

तुम्ही विचाराल, मग या कंपन्या काय झोपल्या आहेत? नाही. एकाच जागेहून भराभर आलेल्या, एका फोनवरून पुन्हा पुन्हा पडलेल्या टिचक्या त्यांची यंत्रे आपोआप गाळतात आणि त्यांचे पैसे लावीत नाहीत. काही मागाहून सापडल्या तर पैसे खात्यात परत जमा करतात. डिसेंबर २००४ मध्ये गूगलचे त्या वेळचे अर्थप्रमुख जॉर्ज रेयेस यांनीच सांगितले होते, की खोट्या टिचक्यांपासून इंटरनेटच्या धंद्याला मोठा धोका आहे. दुधावरचा लोकांचा विश्वास उडाला तर डेअरीही बसते, हे कंपनीला कळते.

पण दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की टिचक्या मोजणारा आणि टिचकीचे पैसे घेणारा एकच. तळे राखी तो पाणी चाखी, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येत नाही. म्हणून टेक्सारकानाच्या खटल्यात न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांना गूगलच्या घरात जाऊन तपासणी करायला सांगण्यात आले. जुलै २००६ मध्ये त्यांनी अहवाल दिला. कंपनीचे प्रयत्न वाजवी आहेत, असा निर्वाळा त्यांनी दिला; पण त्यांच्या अहवालातली एक गोष्ट फार बोलकी आहे. काही माणसांना सवयीने दोनदा बोट दाबायची खोड असते. अशी लागोपाठ पडलेली दुसरी टिचकीही मार्च २००५ पर्यंत खरी धरली जात होती आणि तिचे पैसे दुकानदाराला लागत होते. यात चोर कोणीच नव्हता. काय मोजायचे हे ठरवण्यातच दुकानदाराचा खिसा हलका होत होता.

दुसरी अडचण याहून खोल आहे, आणि तीही त्याच प्राध्यापकांनी मांडली. बोट दाबणाऱ्याच्या मनात काय होते, हे कोणतेही यंत्र खात्रीने सांगू शकत नाही. जत्रेत दुकानापुढे उभा राहून बांगड्या न्याहाळणारी बाई घेणार आहे, की नुसती बघते आहे, की शेजारच्या कासाराने भाव काढायला पाठवली आहे, हे कासाराला तरी कुठे कळते? आमच्या पोराच्या खात्यातल्या अठ्ठावन्न टिचक्यांपैकी किती लबाडीच्या आणि किती खेळता खेळता चुकून लागलेल्या बोटांच्या, हे मीही सांगू शकत नाही. पण आंबा विकणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींची किंमत सारखीच: शून्य.

म्हणून या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. टिचक्या मोजू नका; विक्री मोजा. टिचक्यांचा आकडा दुसऱ्याच्या वहीतला असतो, आलेला फोन आणि गेलेली पेटी आपल्या वहीतली असते. हिशेब आपल्या वहीवरच करावा.

घरात आलेले दुसरे आमंत्रण

त्याच आठवड्यात सूनबाई फोन घेऊन आली. "काका, घरबसल्या काम मिळतंय बघा. नुसत्या व्हिडिओला लाईक द्यायचं, एकाला पन्नास रुपये. कालचे दीडशे आलेसुद्धा!"

तिला जवळ बसवून मी सांगितले, "पोरी, तुझ्या नवऱ्याचे चार हजार ज्या बोटांनी खाल्ले, तसलंच बोट व्हायला तुला बोलावलंय. आणि ही माणसं तेवढ्यावर थांबायची नाहीत."

तसेच झाले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की मोठे काम हवे असेल तर आधी हजार रुपये भरा, तेराशे मिळतील. ती वेळीच बाजूला झाली. जी माणसे होत नाहीत, त्यांना पहिल्यांदा तेराशे खरेच मिळतात; मग दहा हजार, मग पन्नास हजार भरायला लावतात, आणि एके दिवशी खाते गोठते ते कायमचे. शिकलेली, पगारदार माणसे यात लाखो रुपयांना बुडाली आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा फसव्या कामांच्या शंभरावर वेबसाइट बंद केल्या. पण एक बंद केली की दुसरी उघडते. लक्षात ठेवा, खऱ्या कामात मजुरी मिळते; मजुरी मिळण्याआधी मजुराने पैसे भरायचे नसतात. कोणी फसलेच तर लाज धरून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितका उशीर, तितका पैसा लांब जातो.

जाहिरात देणाऱ्या घरांसाठी

आम्ही जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिले, दिवसाच्या खर्चाचा बांध लहान ठेवा. शेताला पाणी देताना एकदम पाट फोडत नाही, तसेच इथे. शंभर-दोनशे रुपयांनी आठवडा काढा, वही बघा, मग वाढवा.

दुसरे, गाव आणि वेळ ठरवून द्या. जिथे पेटी पोचवता येते तेवढ्याच शहरात जाहिरात दिसू द्या. फोन उचलायला घरात कोणी जागे असेल त्याच वेळेत ती चालू ठेवा.

तिसरे, जाहिरात शोधणाऱ्यापुढेच लावा. "इतर वेबसाइट आणि अ‍ॅपवरही दाखवू का?" असे जे चौकटीत विचारलेले असते, तिथली खूण सुरुवातीला काढून टाका. आमचा पैसा मुख्यतः तिथूनच गळत होता.

चौथे, नको असलेले शब्द लिहून द्या. "आंब्याचे लोणचे कसे करावे", "आंब्याचे झाड कलम" असे शोधणारा माणूस खोटा नसतो, पण तो पेटी घेणारा नसतो. असे शब्द वगळण्याची सोय असते. जाहिरातीतही भाव, पेटीचे वजन आणि शहर स्पष्ट लिहा, म्हणजे नुसते बघे टिचकी मारणार नाहीत.

पाचवे, प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारा, "आमचे नाव कुठून कळले?" आणि ते वहीत लिहा. जाहिरातीसाठी वेगळा फोन क्रमांक ठेवला तर याहून सोपे. आठवड्याच्या शेवटी जाहिरातीचा खर्च भागिले जाहिरातीवरून गेलेल्या पेट्या, एवढा एकच भागाकार करा.

सहावे, अधूनमधून चार दिवस जाहिरात बंद ठेवून बघा. ईबे या मोठ्या विक्री कंपनीने स्वतःच्या नावावरच्या जाहिराती थांबवून पाहिल्या, तेव्हा जवळजवळ सगळे गिऱ्हाईक फुकटच्या वाटेने येतच राहिले, असे त्या कंपनीतल्या अर्थशास्त्रज्ञांना दिसून आले. इतक्या मोठ्यांनाही बंद केल्यावरच कळले!

सातवे, संशय आला तर तारीख, वेळ आणि गावे टिपून कंपनीकडे तक्रार करा. पैसे परत मिळतीलच असे नाही, पण न मागणाऱ्याला तर मुळीच मिळत नाहीत. आणि आपल्या पोरांच्या फोनमधले अनोळखी खेळ एकदा बसून काढून टाका.

पुतण्याने हंगामाच्या शेवटच्या पंधरा दिवसांत दिवसाचे दोनशे ठेवले, फक्त पुणे, सकाळी सहा ते रात्री दहा. टिचक्या उतरल्या, काही दिवशी पंधरासुद्धा नव्हत्या, तेव्हा पोराचा चेहरा पडायचा. पण वही वेगळेच सांगत होती. त्या पंधरा दिवसांत तीन हजार खर्चून जाहिरातीवरून एकतीस पेट्या गेल्या. आधी एका पेटीमागे जाहिरातीचे तीनशे साठ पडत होते, आता शंभराच्या आत आले. आणि वहीच्या दुसऱ्या रकान्यात त्रेसष्ट पेट्या होत्या. आधी आंबा खाल्लेल्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितले, त्यांच्या. त्या रकान्यासमोर खर्चाची जागा कोरी होती.

यंदा जाहिरात द्यायची की नाही, असे तो मला विचारतो. मी म्हणतो, दे, पण वही माझ्यापुढे घेऊन बस.

तुमच्यापैकी कोणी अशी जाहिरात दिली असेल, लाभ झाला असेल किंवा हात पोळले असतील, तर जरूर कळवा. खर्च आणि विक्री, दोन्ही आकडे लिहा. टिचक्यांचा आकडा नाही लिहिला तरी चालेल.